वालधुनीच्या काठाने कल्लियानला

उल्हासनगरातून वालधुनी नदीच्या काठाने कल्याणकडे चालायला लागा. चपला हातात घ्या, पाण्यात उतरा. पाणी गार आहे, आजच्यासारखं घाण नाही, तळाचे गोटे दिसताहेत, म्हणजे तुम्ही सहाव्या शतकात पोचलात. मागे अंबरनाथचं शिवालय उभं राहायला अजून पाच शतकं आहेत.

कल्याणच्या बंदरात शिरताच खाडीचा दमट उकाडा अंगाला चिकटतो. सुकटीचा वास, ओलं शिसवी लाकूड, उन्हात तापलेल्या तांब्याची झळ. अंग चोरा, ओंडका घेतलेला हमाल थांबणार नाही! इराणी गलबतातून निमुळत्या बुडाचे रांजण उतरताहेत, आतून लावलेल्या डांबराचा दर्प येतोय. त्यातल्या द्राक्षारसाचा एक रांजण चर्चकडे निघालाय. त्याच्या मागे चला.

हो, इथे चर्च आहे. कल्लियानात इराणहून नेमलेला बिशप असतो, असं अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहून गेलाय. ते कल्लियान म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रार्थनेला बोलवायला लाकडी फळीवर मोगरी पडते. आत धूप, घाम, दिव्यांची काजळी, सिरियाक भाषेतल्या प्रार्थनांचा घोष. डोळे सरावतात तोच सेवक पुकारतो: बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर व्हा, दारं राखा!

निघा बाहेर. पण फटीला डोळा लावा. निसिबिसचे गुरू नर्साय यांच्या नावावरच्या प्रवचनात आत चाललेल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा अर्थ सांगितलाय. ती वेदी म्हणजे येशूची कबर. भाकर आणि द्राक्षारसावरचं वस्त्र म्हणजे कबरीच्या तोंडावरचा दगड. बाजूला उभे सेवक म्हणजे देवदूत. मला यातली सर्वांत थोर गोष्ट वाटते ती ही, की वेदी आहे, बळी आहे, पण सुरी कुठेच नाही. ज्यूंच्या वल्हांडण सणातल्या कोकरासारखा येशू बळी गेला, पण एकदाच, स्वतःहून. आता कुणाचा गळा चिरायचा नाही, आंबवलेली भाकर मोडायची. आणि त्याचा जीव ही आपली खंडणी, हे या बंदरात फोड करून सांगावं लागत नाही. चाच्यांनी धरलेला भाऊ काय देऊन सुटतो, हे खलाशांच्या घरोघरी ठाऊक आहे.

आत तळहात पुढे होतात, डाव्यावर उजवा, क्रुसासारखे. ओंडक्यांनी सोललेले, तांब्याने हिरवट झालेले.

तुमची पाळी आज नाही. आधी शिकवणी, मग ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा. तोवर दार राखा.