सशाचं आजारपण कोणी टिपलं?

ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या आमच्या दवाखान्यापासून बार्वन पार्क ही इस्टेट मोटारीनं अर्ध्या तासावर आहे. १८५९च्या नाताळात थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं इंग्लंडहून मागवलेले २४ ससे इथं पोचले. त्याला शिकारीची हौस होती. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्या सशांच्या पिलावळीनं ऑस्ट्रेलियाचा बहुतेक भाग व्यापला आणि मेंढ्यांची कुरणं फस्त केली. त्यामुळे या देशात सशाच्या आजाराचा अभ्यास झाला तो ससा वाचवायला नव्हे, संपवायला. मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मी शिकले ती गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांवर. पाळीव ससा तपासायला लागले ती इथं आल्यावर. तपासताना जी लक्षणं मी बघते, ती आधी कोणी आणि कशासाठी टिपून ठेवली, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

सुरुवात दक्षिण अमेरिकेतली. १८९६ साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ इथं ज्युझेप्पे सानारेल्ली या इटालियन संशोधकाच्या प्रयोगशाळेतले युरोपी ससे पटापट मेले. त्यांच्या पापण्या सुजायच्या, डोळे पुवानं चिकटायचे, कानांच्या मुळाशी आणि जननेंद्रियांभोवती गाठी यायच्या. हाच मिक्सोमॅटोसिस, सशांचा विषाणूजन्य रोग. १९४०च्या दशकात ब्राझीलच्या एन्रिके आरागाँव यांनी त्याचं मूळ दाखवलं. तिथल्या रानसशाला या विषाणूनं जेमतेम एखादी गाठ येते. डास तोच विषाणू युरोपी सशापर्यंत नेतो आणि तो ससा मरतो.

मेलबर्नच्या डॉ. जीन मॅकनमारा पोलिओ झालेल्या मुलांवर उपचार करत. हा विषाणू ऑस्ट्रेलियात आणावा म्हणून १९३०च्या दशकापासून त्यांनी सरकारमागे लकडा लावला होता. १९५०मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात तो सोडला. आधी विझल्यासारखा वाटला, पण डिसेंबरात डासांनी उचलला आणि नदीकाठानं वणव्यासारखा पसरला. त्याच उन्हाळ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांचा संशय सशांच्या रोगावर गेला. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काहीही झालं नाही.

फेनर यांनी विषाणूच्या मारकतेनुसार पाच प्रती ठरवल्या. पहिल्या प्रतीचा विषाणू १३ दिवसांच्या आत ससा मारी. शंभरात ९९हून अधिक दगावत. काही वर्षांतच १७ ते २८ दिवस घेणारी तिसरी प्रत वरचढ ठरली, कारण आजारी ससा जितके दिवस जगेल तितके दिवस डास त्याला चावून रोग पुढे नेणार. सशाच्या बाजूनं पाहिलं तर याचा अर्थ एवढाच की हाल लांबले.

१९५२च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये आर्माँ-देलिल या निवृत्त डॉक्टरांनी आपल्या मायबुआच्या इस्टेटीवरचे ससे हटवायला दोन सशांना हाच रोग टोचून सोडलं. पुढच्या वर्षी तो इंग्लंडमध्ये केंट परगण्यात पोचला. फ्रान्समध्ये रानातल्या सशांबरोबर शेतकऱ्यांच्या खुराड्यातले ससेही मोठ्या संख्येनं गेले. डॉक्टरांना आधी दंड झाला, मग १९५६मध्ये सुवर्णपदक मिळालं. खुराड्यातल्या सशांच्या मालकांना काय मिळालं?

युरोपात आज या रोगावर लस मिळते. ऑस्ट्रेलियात पाळीव सशाला ती टोचायला परवानगी नाही. लसीतला जिवंत विषाणू रानात पसरला तर तिथले ससे तगून राहतील, ही भीती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पिंजऱ्याला बारीक जाळीची मच्छरदाणी लावा, कडा खाली खोचा आणि संध्याकाळ व्हायच्या आत ससा घरात घ्या. पापण्या सुजल्यावर आमच्या हाती फारसं काही उरत नाही.

केवळ सशाच्या भल्यासाठी झालेलं काम अगदी अलीकडचं. २०१२मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी कानावर खूण गोंदताना सशांचे चेहरे टिपले आणि वेदनेची मोजपट्टी तयार केली. डोळे अर्धे मिटलेले, गाल चपटे, नाकपुड्या टोकदार, मिशा ताठ, कान मागे घट्ट ओढलेले. ससा सहसा ओरडत नाही. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. त्याचा चेहरा वाचावा लागतो, आणि लेंड्याही. निरोगी लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, चुरली तर आत गवताचे तुकडे दिसतात. आतडं मंदावलं की ती बारीक आणि कडक होते, केसांनी एकमेकींत ओवल्यासारखी येते, मग यायचीच थांबते.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून पोरांच्या हट्टापायी ससा घरी आणणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्याचं मुख्य अन्न गवत, गाजर नव्हे. बारा तास त्यानं तोंड लावलं नाही तर उद्यावर ढकलू नका, ससे बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडानं कधीही देऊ नका. त्यानं आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही. ही लक्षणं टिपताना लाखो ससे मेले आहेत. निदान आता ती घरातला ससा जगवायला वापरा.