वालुकाक्षेपण व जुन्या मोटारगाड्यांचे गंजनिर्मूलन

संपीडित (दाबाखालील) हवेच्या झोताबरोबर वाळूचे किंवा तत्सम कठीण कण पृष्ठभागावर वेगाने आदळवून त्यावरील गंज, जुना रंग व खवले काढून टाकण्याच्या क्रियेस वालुकाक्षेपण म्हणतात. कारखान्यांत व गॅरेजांत ती ‘सँड ब्लास्टिंग’ या नावाने ओळखली जाते. वाळूऐवजी दुसरा अपघर्षक (घासून झिजविणारा) पदार्थ वापरला, तरी हेच नाव रूढ आहे. ओतीव वस्तू, पूल, जहाजे, टाक्या व धरणांचे दरवाजे साफ करण्यासाठी ही क्रिया मोठ्या प्रमाणावर वापरतात. छोटे वायुसंपीडक (कॉम्प्रेसर) सहज मिळू लागल्यावर घरच्या घरी जुनी मोटारगाडी पूर्ववत करू पाहणारे हौशी लोकही ती वापरू लागले. साधन स्वस्त व सुलभ होत गेले. मात्र त्यातून उडणाऱ्या धुळीने होणाऱ्या हानीचे ज्ञान त्यामागून बऱ्याच काळाने आले. हे ज्ञान कारखान्यांच्या नियमांत उतरले. घराच्या अंगणापर्यंत ते अजून पुरतेपणी पोहोचलेले नाही.

इतिहास : या क्रियेचा शोध अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिलमन (१८२१–१९०१) यांनी लावला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते सेनाधिकारी होते. १८७० मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये व अमेरिकेत या क्रियेची एकस्वे (पेटंटे) मिळविली. वाळवंटी वाऱ्यातील वाळूने खिडकीच्या काचा धूसर होतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. प्रारंभी काचेवर नक्षी कोरणे, काच धूसर करणे आणि दगडावर अक्षरे खोदणे यांसाठी वाफेच्या वा हवेच्या झोताचा उपयोग करीत. इंग्लंडमध्ये टिलमन यांच्या नावाने कंपनी निघाली व लवकरच ओतशाळांतील ओतीव वस्तूंना चिकटलेली साच्याची वाळू काढण्यासाठी हे तंत्र सर्रास वापरात आले.

विसाव्या शतकात पोलादी पत्र्याच्या मोटारगाड्या व पोलादी जहाजे वाढली आणि रंग टिकण्यासाठी पृष्ठभाग पूर्णपणे स्वच्छ हवा, ही गोष्ट अनुभवाने कळली. रंगाचे आयुष्य रंगाच्या प्रतीपेक्षाही खालच्या पृष्ठभागाच्या तयारीवर अधिक अवलंबून असते. स्वीडनमध्ये या स्वच्छतेच्या चित्रयुक्त प्रती ठरविण्यात आल्या. पुढे १९८८ मध्ये त्यांवर आधारित आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ‘एसए १’ (हलकी सफाई) ते ‘एसए ३’ (धातू पूर्ण उघडा पडेल अशी सफाई) या त्यातील श्रेणी जगभर वापरतात.

बीड जिल्ह्याची पार्श्वभूमी : बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात आहे. जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे स्थानक लोहमार्गावर असले, तरी बीड शहराला अहिल्यानगरकडून (पूर्वीचे अहमदनगर) रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर शहराचे दळणवळण रस्त्यांवरच अवलंबून होते. हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली होती. स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण भागात जीप, फियाट व अँबॅसडर या गाड्या प्रचलित झाल्या. जीपची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये सुरू केली. फियाट गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत. १९७४ पासून त्यांतील एक ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. अँबॅसडरचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत चालले. वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतावरील पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या अशा गाड्या हेच येथील जतनकार्याचे मुख्य द्रव्य होय. संग्रहालयीन नमुने पाहण्यासाठी लगतच्या अहिल्यानगर येथील चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय (स्थापना १९९४) उपयुक्त आहे; रोल्स-रॉइस बनावटीची चिलखती मोटार तेथे जपलेली आहे.

गंजाचे स्वरूप : लोखंड, पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने गंज तयार होतो. तो रासायनिक दृष्ट्या लोहाचे सजल ऑक्साइड असून मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. क्षारांमुळे तो आणखी वाढतो [→ गंजणे]. मुंबई-कोकणातील खाऱ्या व दमट हवेत गाडी सर्वांगाने गंजते. बीड जिल्हा पर्जन्यछायेत असून तेथील वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सु. ६७ सेंमी. आहे आणि पावसाळा सोडल्यास हवा कोरडी असते. म्हणून येथील गाडीच्या छतावर, दारांच्या वरच्या भागावर व बॉनेटवर बहुधा गंजाचा पातळ थरच आढळतो. खोल गंज ठराविक जागी दडलेला असतो. चाकांवरील कमानींत चिकटून राहिलेली काळी माती ओल धरून ठेवते. पायपुसण्यांखालील तळपत्रा, दारांच्या खालच्या कडा व पोकळ तुळया आतून सडतात. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो. गाडीजवळ खतांची पोती रचलेली असल्यास, विशेषतः पोटॅश खतातील क्लोराइडामुळे, कोरड्या हवेतही पत्रा लवकर भोके पडून निकामी होतो. सबंध गाडीवर एकाच जोराने झोत मारण्याचे कारण त्यामुळे येथे सहसा उरत नाही.

कृती : प्रथम काचा, रबरी पट्ट्या, दिवे, विजेच्या तारा, आसने व कल्हई केलेले भाग उतरवितात. एंजिन, गिअरपेटी व धारवे (बेअरिंग) काढणे शक्य नसेल, तर त्यांची सर्व तोंडे घट्ट बंद करतात. कारण आत शिरलेला एखादा चिमूटभर कणही तेलाबरोबर फिरून सिलिंडर व धारवे झिजवितो. तेल व ग्रीस आधीच धुऊन काढावे लागते, अन्यथा झोताने ते पृष्ठभागात अधिकच रुतते. सांगाड्यावर (चासीवर) व लोखंडी चाकांवर जाड पोलाद असल्याने दर चौ. सेंमी.ला ५ ते ७ किग्रॅ. दाब चालतो. बाहेरच्या अंगाचा पत्रा मात्र बहुधा १ मिमी. किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. त्यावर दाब सु. २ किग्रॅ.पर्यंत उतरवून, तोटी दूर व तिरपी धरून सतत हलती ठेवावी लागते. काटकोनात एकाच ठिकाणी धरलेल्या झोताचे कण असंख्य सूक्ष्म हातोड्यांसारखे काम करतात. पत्र्याची एक बाजू ताणली जाऊन त्याला बाक येतो. असा बाक ठोकून काढणे कुशल पत्राकारागिरालाही कठीण जाते व पुष्कळदा तो लांबीच्या जाड थराखाली झाकला जातो.

झोत दिलेले पोलाद पूर्णपणे उघडे असल्याने अत्यंत गंजाळू असते. पावसाळी हवेत काही तासांतच त्यावर पिवळसर झाक येते. म्हणून धूळ झटकून त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, गंजरोधक प्राथमिक रंगाचा (प्रायमरचा) हात देतात. हाताचा ओला स्पर्शही टाळतात. बीडच्या परिसरात हिवाळा व उन्हाळ्याचा पूर्वार्ध या कामास सोयीचा होय. एकमेकांवर चढविलेल्या पत्र्यांच्या सांध्यांत व बंद तुळयांत झोत पोहोचत नाही. उलट तेथे साठलेली वाळू नंतर ओल धरून नवा गंज निर्माण करते.

आरोग्यास धोका : वाळूतील स्फटिकी सिलिका हा या क्रियेचा सर्वांत गंभीर दोष होय. आदळल्यावर कण फुटून त्यांची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते. तिच्यातील सु. ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे कठीण व्रणऊतक तयार होते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरा करणारा इलाज नाही. धुळीशी संबंध सुटल्यावरही तो वाढू शकतो आणि रोग्याला क्षयाची बाधा अधिक सहजपणे होते. सामान्यतः हा रोग दिसून येण्यास अनेक वर्षे लागतात. परंतु वालुकाक्षेपणातील दाट धुळीमुळे तो थोड्या काळातही प्राणघातक ठरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या जागी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेची गणना मानवास कर्करोगकारक पदार्थांत केली.

या धोक्याची जाणीव जुनी आहे. अमेरिकेत सी. ई. ए. विन्स्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये या कामगारांच्या संरक्षक साधनांच्या परिणामकारकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये ई. आर. ए. मेरीवेदर यांनी १९३६ मध्ये या कामगारांतील सिलिकोसिसविषयी लिहिले. तरी ओतीव वस्तूंच्या सफाईत वाळू वापरण्यास ब्रिटनमध्ये मनाई करणारे नियम १९४९ मध्ये आले. म्हणजे टिलमन यांच्या शोधानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७४ मध्ये अशीच शिफारस केली. तुर्कस्तानात जीनच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा झोत मारणाऱ्या अनेक तरुण कामगारांना हा रोग जडल्यावर २००९ मध्ये तेथे त्या कामावर बंदी आली. भारतात कारखाना अधिनियम, १९४८ अन्वये सिलिकोसिस हा सूचनीय (शासनास कळविणे बंधनकारक असलेला) रोग ठरविण्यात आला आणि झोताने सफाई करण्याचे काम धोक्याच्या प्रक्रियांत मोडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. वीज वापरणाऱ्या जागेत २० किंवा अधिक कामगार असल्यास ती कारखाना ठरते. दोन-तीन माणसांचे गॅरेज किंवा घराचे अंगण या व्याख्येबाहेरच राहते. झोताची तोटी हाती धरणारा तेथे बहुधा रोजंदारीवरील मदतनीस असतो. त्याच्या फुप्फुसांची तपासणी करणारा निरीक्षक तेथे नसतो.

गोदावरी व सिंदफणा यांची वाळू दक्षिण ट्रॅपच्या काळ्या खडकातून आलेली, म्हणून निर्धोक, असा समज बरोबर नाही. या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक व कॅल्सेडोनी ही सिलिकेचीच रूपे असतात व ती झिजून नदीच्या वाळूत मिसळतात. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा उपरणे ही सूक्ष्म धूळ अडवीत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण हेच खात्रीचे साधन होय. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने त्यांची धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक ठरते. अंगणात पडलेली धूळ व कामाचे कपडे यांमधून ती घरात येते.

पर्यायी पद्धती : सिलिकारहित अपघर्षकांत ॲल्युमिनियम ऑक्साइड, गार्नेट, पोलादी दाणे व काचेचे मणी यांचा समावेश होतो. नाजूक पत्र्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा किंवा खाण्याचा सोडा वापरतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या १९८०–९० या दशकातील दुरुस्तीत तांब्याच्या आतील बाजूचा डांबरी थर सोड्याच्या झोतानेच काढण्यात आला. पाणीमिश्रित झोताने धूळ बरीच कमी होते, पण गंजरोधक द्रव्य मिसळावे लागते. बंपर, कंस, बिजागऱ्या असे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात बुडवून एकदिश विद्युत् प्रवाहाने साफ करता येतात. यात धूळ होत नाही व निरोगी धातू झिजत नाही. मात्र निघणारा हायड्रोजन साठू नये म्हणून हे काम उघड्यावर करतात. पातळ गंजासाठी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर व फॉस्फोरिक अम्ल पुरेसे होते. टॅनिनयुक्त द्रव्ये गंजाचे रूपांतर काळ्या, स्थिर संयुगात करतात. हिरडा व लोहक्षार यांपासून पूर्वी काळी शाई करीत, तिच्यामागील रसायनशास्त्र हेच होय.

मूळपण व नोंदणी : जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत जतन, संरक्षण व पुनःस्थापन यांत भेद केला असून मूळ द्रव्यात कमीत कमी हस्तक्षेप करावा, असे तत्त्व मांडले आहे. वाळूचा झोत पृष्ठभागावरील गंजाबरोबर इतिहासही पुसून टाकतो. कारखान्याचा मूळ रंग, जुन्या राज्याचा क्रमांक, दुरुस्तीच्या खुणा या रंगाच्या थरांतच असतात. ज्या जिल्ह्याने आठ-दहा वर्षांच्या आत तीन राज्ये पाहिली, तेथील गाडीवर असे थर सापडणे स्वाभाविक आहे. म्हणून सफाईपूर्वी छायाचित्रे घेणे व आडोशाच्या एखाद्या भागावर मूळ रंगाचा तुकडा राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. सांगाड्यात, अंगात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तीत अट आहे. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक झोताने झिजला, तर गाडीची ओळखच संशयास्पद होते. तो चिकटपट्टी व पत्र्याने आधी झाकावा लागतो.

सारांश, कोरड्या पठारी हवेत जपलेल्या गाडीला झोताची गरज सांगाडा व काही जाड भाग यांपुरतीच भासते. बाकीचे काम सौम्य व बिनधुळीच्या पद्धतींनी होते. जेथे झोत अपरिहार्य आहे, तेथे सिलिकारहित अपघर्षक, बंदिस्त जागा व हवा पुरविणारे शिरस्त्राण ही कारखान्यांना लागू असलेली पथ्ये घरच्या कामातही पाळणे आवश्यक आहे.