खाणावळ ते पिझ्झा : डिलाईल रोडवरच्या जेवणाचा आणि उधारीचा इतिहास

१/ शनिवारी संध्याकाळी लोअर परळ स्थानकातून डिलाईल रोडला उतरलात, तर पिझ्झाच्या एखाद्या छोट्या दुकानात आजी, सून आणि नातवंडे एका टेबलाभोवती बसलेली दिसतील. ‘हे काही आपले खाणे नव्हे’, असे आपण सहज म्हणून जातो. मला मात्र वाटते की, पिझ्झा आणि गिरणगावची खाणावळ ही एकाच परिस्थितीची अपत्ये आहेत. कशी, ते पाहू.

२/ आधी नेपल्स. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील हे अत्यंत दाट वस्तीचे बंदर. हमाल, कोळी आणि रोजंदार मजूर कोंदट खोल्यांत राहत. अनेकांच्या घरी स्वयंपाकाची धड सोय नसे. त्यांच्यासाठी रस्त्यावर पिझ्झा विकला जाई : स्वस्त, पोटभरीचा, हातात धरून खाण्याजोगा. ‘आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या’, अशी उधारीची रीतही तिथे होती. राणी मार्गेरिताच्या नावाची प्रसिद्ध कथा १८८९ मधली; त्याआधी कित्येक पिढ्या पिझ्झा हे गरिबाचेच अन्न होते.

३/ पुढे इटालियन स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कमधील ‘लोम्बार्डी’ या दुकानाचा काळ १९०५ चा मानला जातो. तिथेही पहिले गिऱ्हाईक कामावर निघालेला मजूरच.

४/ आता आपल्याकडे येऊ. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाईल रोड हा सारा परिसर गिरण्यांनी व्यापला. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसे आली ती बहुधा एकटीच. कुटुंब गावी, शेतीपाशी. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांची संख्या सुमारे निम्मीच होती.

५/ एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत. चूल कोण पेटवणार? इथे खाणावळ उभी राहिली. ती म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतलीच एक खोली. तिथली बाई, अनेकदा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, घरच्या माणसांसोबत गाववाल्यांनाही दोन वेळचे जेवू घाली. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी तिची चूल पेटलेली असे आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून उठेपर्यंत ती विझत नसे.

६/ पैसे महिन्याने. गिरणीचा पगार महिना उलटल्यावर हाती पडे. तोवर धान्य, रॉकेल, मसाला यांची जुळणी बाईने करायची. म्हणजे कामगाराला वेळेवर पगार न देण्याची मालकाची सोय प्रत्यक्षात खाणावळवालीच्या उसनवारीवर चाले. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने टिकला. अशा संपांत नेत्यांची भाषणे महत्त्वाची होतीच, पण वाण्याची आणि खाणावळीची उधारी नसती तर इतके दिवस निघालेच नसते.

७/ ती बाई स्वतः सावकाराच्या पाशात असे. हे ओळखून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून छोटी कर्जे मिळवून दिली. घरकाम समजले जाणारे तिचे श्रम आता बँकेच्या लेखी उद्योग ठरले. गिरणगावच्या इतिहासातील हे फार मोठे पाऊल आहे.

८/ १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या वेळी महिने उलटले, वर्ष उलटले. कामगार गावी परतले. कित्येक पुन्हा आलेच नाहीत. खाणावळींच्या वहीतली बाकी वहीतच राहिली.

९/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा वापर बदलण्याची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. याच रस्त्यावरच्या मथुरादास मिलच्या आवारात कार्यालये आणि उपाहारगृहे आली. पिझ्झाच्या मोठ्या अमेरिकी साखळ्या भारतात आल्या १९९६ मध्ये. आज एखाद्या जुन्या गिरणीच्या भिंतीआड पिझ्झाची भट्टी धगधगते, तेव्हा नेपल्सच्या मजुराचे अन्न गिरणगावच्या मजुराच्या जागेवर शिजत असते. फक्त तो मजूर तिथे नसतो.

१०/ तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खाणावळ कुटुंबासाठी नव्हती. कुटुंबापासून तुटलेल्या पुरुषांसाठी होती. ती रांधणाऱ्या बाईला बाहेर बसून जेवण्याची चैन ठाऊक नव्हती. इराण्याच्या हॉटेलात स्त्रियांसाठी वेगळी ‘फॅमिली रूम’ असे. मग आजीने नातवंडांसोबत दर्शनी टेबलावर बसून, दुसऱ्याने केलेले गरम खाणे, ही या रस्त्यावरची लहान घटना नव्हे. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे येत आहेत; तिथे राहणाऱ्यांना सहकुटुंब बसायला अशी परवडणारी जागा लागेलच.

११/ हरवली ती ओळख आणि उधारी. आजच्या दुकानात पैसे आधी द्यावे लागतात. पगार थकला म्हणून कोणी ‘जेवून घे, मग बघू’ म्हणत नाही. ज्या रस्त्याला कामगार नेते ना. म. जोशी यांचे नाव आहे, त्या रस्त्यावर ही उणीव नोंदवायला हवी.

१२/ शेवटी एक विनंती. गिरणीमालकांचे ताळेबंद जपले गेले. खाणावळीच्या वह्या बहुतेक रद्दीत गेल्या. तुमच्या घरात कोणी खाणावळ चालवली असेल, तर तिला विचारा : किती माणसे जेवत, दर काय होता, कोणाची बाकी राहिली? वही असेल तर जपून ठेवा. नसेल तर ती सांगेल तसे लिहून काढा. पिझ्झा खाता खाता विचारलेत, तरी चालेल.