आय-लीग २०१६-१७ : खालच्या गटात ढकललेला आयझॉल संघ देशाचा विजेता कसा झाला?

आधीच्या वर्षी स्पर्धेबाहेर गेलेला संघ. बजेट तुटपुंजं. राज्याची लोकसंख्या जेमतेम ११ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. तरीही मिझोरामच्या आयझॉल फुटबॉल क्लबने ३० एप्रिल २०१७ रोजी देशाचं विजेतेपद पटकावलं. ईशान्य भारतातल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. या मोसमात महाराष्ट्राचेही दोन संघ होते आणि त्यांची गोष्ट बरोबर उलटी झाली. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना हा मोसम माहीत असावा, म्हणून ही सविस्तर माहिती.

मोसम एका नजरेत

- स्पर्धा : आय-लीग, दहावा मोसम
- कालावधी : ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७
- संघ १०, एकूण सामने ९०
- विजेता : आयझॉल एफसी (३७ गुण)
- उपविजेता : मोहन बागान (३६ गुण)
- तिसरा : ईस्ट बंगाल (३३ गुण)
- चौथा : बेंगळुरू एफसी (३० गुण)
- शेवटचा : मुंबई एफसी
- सर्वाधिक गोल : दिपांडा डिका, शिलाँग लाजोंग (११ गोल)

लीग चालते कशी?

आपल्या यात्रेतल्या कबड्डी स्पर्धेत हरला की संघ घरी जातो. लीगचं तसं नसतं. प्रत्येक संघ बाकीच्या नऊ संघांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. असे प्रत्येकाचे १८ सामने होतात. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर काही नाही. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो विजेता. फायनल वगैरे नसते. तळाचा संघ खालच्या गटात, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये जातो.

आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली. पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याच्या क्लबांनी नेली. डेम्पो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. पुढे बेंगळुरू आणि मोहन बागान आले. मिझोरामचं नाव यात कुठेच नव्हतं.

आठवा असून बाहेर

आयझॉल क्लब १९८४ सालचा. सेकंड डिव्हिजन जिंकून तो २०१५-१६ मध्ये पहिल्यांदा आय-लीगमध्ये आला. त्या वर्षी नऊ संघ होते आणि आयझॉल आठवा आला. शेवटच्या जागेवर पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता. पण डीएसके शिवाजियन्सला कंपनीच्या मालकीचा संघ म्हणून थेट प्रवेश मिळाला होता आणि अशा संघाला खालच्या गटात पाठवायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे तळाचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा आयझॉल बाहेर पडला. मैदानावर खेळून वर आलेल्या संघाला कागदावरच्या नियमाने खाली पाठवलं.

त्याच मे महिन्यात आयझॉलने फेडरेशन कपची फायनल गाठली होती. तिथे मोहन बागानने त्यांना ५-० ने हरवलं. तरी संघात दम आहे, हे दिसलं होतं.

मग गोव्यात घडामोडी झाल्या. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ पासून सुरू झाली होती. त्यात शहरांच्या नावाचे नवे संघ, मोठे मालक आणि टीव्हीचा पैसा होता. पुढे आयएसएलला वरचा दर्जा आणि आय-लीगला खालचा, असा प्रस्ताव राष्ट्रीय महासंघाने मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब डी गोवा आणि डेम्पो हे गोव्याचे तिन्ही जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेण्यात आलं. चर्चिल ब्रदर्सही परतला. मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी हे दोन नवे संघ आले.

मुंबईचे कोच, मिझोरामची पोरं

मोसमाआधी आयझॉलने खालिद जमील यांना कोच म्हणून आणलं. ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे माजी खेळाडू. २००९ पासून सात वर्षं त्यांनी मुंबई एफसी सांभाळली होती. कमी पैशात संघ आय-लीगमध्ये टिकवून ठेवणारे कोच, अशी त्यांची ओळख होती. २०१६ मध्ये तिथलं काम सुटलं आणि ते डोंगरातल्या आयझॉलला गेले.

येताना त्यांनी ओळखीचे काही खेळाडू आणले. मुंबईचा जयेश राणे आणि मुंबई एफसीकडून खेळलेला आशुतोष मेहता हे त्यातले दोघं. गोलकीपर गोव्याचा अल्बिनो गोम्स. परदेशी खेळाडूंमध्ये सीरियाचा महमूद अल आमना, आयव्हरी कोस्टचा कामो बायी आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान होते. बाकी संघ बहुतेक मिझोरामच्याच पोरांचा. झोमिंगलियाना राल्ते, लालरुआथारा, ब्रँडन, विल्यम लालनुनफेला अशी ती नावं.

ही पोरं एका वर्षात तयार झालेली नव्हती. मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची प्रीमियर लीग चालते. सामने तिथल्या झोनेट या केबल वाहिनीवर दाखवले जायचे, त्यामुळे घराघरात खेळाडूंची नावं माहीत. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली. म्हणजे आधी गल्लीतली स्पर्धा, मग राज्याची लीग, मग देशाची, असा जिना तयार होता. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांना जशी गर्दी होते, तशी तिथे आपल्या क्लबसाठी होते. फरक एवढाच, की तिथून वर जायला पायऱ्या होत्या.

मोसम पुढे कसा सरकला?

७ जानेवारीला कोलकात्याजवळ बारासातला पहिलाच सामना आयझॉलचा होता, तोही ईस्ट बंगालशी. तो १-१ असा बरोबरीत सुटला. तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. गतविजेता बेंगळुरू होता, त्यात सुनील छेत्री होता. कोलकात्याचे दोन्ही मोठे क्लब जोरात होते. ईस्ट बंगाल बराच काळ वरच्या जागांवर होता, पण शेवटच्या टप्प्यात घसरला. ९ एप्रिलला सिलिगुडीत मोहन बागानने त्याला २-१ ने हरवलं. बेंगळुरू आशियाई स्पर्धा आणि लीग दोन्ही खेळत होता, तो चौथा राहिला.

आयझॉल मात्र गुण जमवत गेला. शेवटचे दोन सामने उरले तेव्हा आयझॉल आणि मोहन बागान दोघांचेही ३३ गुण होते. आणि पुढचा सामना या दोघांमध्येच होता.

२२ एप्रिल, आयझॉल

राजीव गांधी स्टेडियम खच्चून भरलं होतं. बराच वेळ गोल होईना. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. आयझॉल १, मोहन बागान ०. वर्षभरापूर्वी ज्यांच्याकडून पाच गोल खाल्ले होते, त्यांनाच हरवून आयझॉल तीन गुणांनी पुढे गेला.

३० एप्रिल, शिलाँग

आता एक गुण पुरेसा होता. सामना शिलाँग लाजोंगशी, त्यांच्या मैदानावर. मिझो चाहते मोठ्या संख्येने तिकडे गेले होते. पण नवव्याच मिनिटाला दिपांडा डिकाने गोल केला आणि आयझॉल मागे पडला. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. तिकडे बागान जिंकला आणि इकडे आयझॉल हरला, तर कप कोलकात्याला जाणार होता.

दुसऱ्या अर्धात, ६७व्या मिनिटाला, विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. कोलकात्यात बागानने २-१ असा विजय मिळवला, पण उपयोग झाला नाही. ३७ विरुद्ध ३६. फक्त एका गुणाचा फरक.

हिशेब बघण्यासारखा आहे. बागान १८ सामन्यांत दोनच हरला, आयझॉल तीन हरला. पण आयझॉलने ११ सामने जिंकले, बागानने १०. बागानच्या सहा बरोबऱ्या झाल्या, आयझॉलच्या चार. लीगमध्ये बरोबरीवर भागत नाही, जिंकावं लागतं.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय?

मुंबई एफसी शेवटचा आला आणि खालच्या गटात गेला. जमील यांच्या सात वर्षांत जी वेळ आली नव्हती, ती ते गेल्यावर पहिल्याच मोसमात आली. पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही वरच्या पाचात नव्हता. पुढच्या मोसमात हे दोन्ही संघ आय-लीगमध्ये नव्हते, म्हणजे महाराष्ट्राचा एकही संघ उरला नाही. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली होती, त्याच राज्याची ही अवस्था. त्या वेळी मुंबई आणि पुण्याच्या नावाचे संघ आयएसएलमध्ये होते, पण तिथे तालुक्यातून खेळून वर यायची सोय नव्हती.

जिंकूनही जागा पक्की नव्हती

विजयाची मिरवणूक निघाली, पण आनंद फार टिकला नाही. दोन लीगचं काय करायचं, यावर दिल्लीत खल सुरू होता. देशाचा विजेता असूनही आयझॉल पुढच्या वर्षी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये जाणार, अशी चिन्हं दिसू लागली. क्लबने उपोषणाचा इशारा दिला. ज्या संघाने कप जिंकला, त्यालाच जागेसाठी भांडावं लागलं. शेवटी दोन्ही लीग एकाच वेळी चालवायचं ठरलं आणि बेंगळुरू आयएसएलमध्ये गेला.

आयझॉलचा संघही विखुरला. जमील आणि अल आमना ईस्ट बंगालला गेले, जयेश राणे चेन्नईयिनकडे, लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सकडे. ज्यांना जास्त पैसे मिळाले ते गेले, त्यात त्यांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. क्लब मात्र राहिला आणि २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणपर्यंत जाऊन आला.

या मोसमात नववा आलेला मिनर्व्हा पंजाब पुढच्याच वर्षी विजेता झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी चेन्नई सिटी. लहान संघांनी ओळीने तीन वर्षं कप नेला.

आज काय स्थिती?

आय-लीग २०२२-२३ पासून अधिकृतपणे दुसऱ्या श्रेणीची लीग आहे आणि तिच्या विजेत्याला वर जाण्याचा मार्ग खुला झाला. त्या वाटेने पंजाब एफसी पहिल्यांदा आयएसएलमध्ये गेला. आयझॉलने मागितलं होतं ते हेच, की जो मैदानावर जिंकेल त्याला जागा द्या.

आणि खालिद जमील? ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य कोच झाले. मुंबईतलं काम सुटल्यावर ज्या डोंगराळ गावाने त्यांना बोलावलं, तिथल्या चार महिन्यांनी त्यांचं नाव देशभर गेलं.