बोराकाय : सांडपाण्यामुळे बंद झालेले बेट
फिलिपिन्समधील बोराकाय हे सुमारे १० चौरस किलोमीटरचे बेट. मासेमारी व नारळ यांवर जगणाऱ्या या बेटावर १९७०च्या दशकात परदेशी प्रवासी येऊ लागले. पुढे हॉटेले वाढत गेली, सांडपाण्याची सोय मात्र मागे राहिली. १९९७ मध्ये किनाऱ्याच्या पाण्यात कोलिफॉर्म जीवाणूंचे प्रमाण जास्त असल्याचे जाहीर झाले आणि पर्यटक घटले.

त्यानंतर मलवाहिन्या व प्रक्रिया केंद्र झाले. परंतु केंद्र उभारणे वेगळे आणि प्रत्येक इमारत त्याला जोडणे वेगळे. अनेक व्यावसायिकांनी जोडणी घेतलीच नाही. काहींचे सांडपाणी पावसाळी गटारांतून थेट समुद्रात जात होते. २००४ चा स्वच्छ जल कायदा होता, अंमलबजावणी तोकडी होती. २०१७ मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक आले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी बेटाला मैल्याचे डबके म्हटले. २६ एप्रिलपासून सहा महिने बेट पर्यटकांना बंद झाले. नियम मोडणाऱ्यांबरोबर नियम पाळणाऱ्यांचाही धंदा बसला. हॉटेलांतील कामगार व नावाडी यांची रोजी बुडाली.

२६ ऑक्टोबरला बेट उघडले, तेव्हा एका वेळी १९,२१५ पर्यटक अशी मर्यादा होती. मोठ्या हॉटेलांना स्वतःचे प्रक्रिया संयंत्र बंधनकारक झाले. १९९७ चा इशारा मिळूनही ही पावले २१ वर्षांनी पडली. वेळीच न केलेल्या अंमलबजावणीचा भार अखेर दुर्बलांवरच पडतो, हे या इतिहासातून दिसते.