कारागृह-उद्योग सल्लागार समिती : नामनिर्देशितांची सिनेटकडून तपासणी

कैद्यांच्या श्रमांतून माल वा सेवा निर्माण करणाऱ्या सरकारी उद्योगांना सल्ला देण्यासाठी अमेरिकेतील काही घटकराज्यांनी कायद्याने समित्या स्थापल्या आहेत. काही राज्यांत या समित्यांवरील सदस्यांची नावे गव्हर्नर सुचवतो आणि राज्याचे सिनेट सुनावणी घेऊन त्यांना संमती देते वा नाकारते. हवाई राज्याची कारागृह-उद्योग सल्लागार समिती हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच राज्यावर बेतलेली आहे. कारण तेथील सिनेट समित्यांचे अहवाल वर्षानुवर्षे एकाच साच्यात लिहिले गेले असून तपासणीत काय पाहिले जाते आणि काय पाहायचे राहून जाते, या दोन्ही गोष्टी त्यांतून कळतात. सिनेट व्यक्तीची पात्रता पाहते; ती व्यक्ती कोणाच्या हितसंबंधांचा आवाज म्हणून समितीत बसणार, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहतो. अधिकार असलेल्या मंडळाच्या बाबतीत ही उणीव एक वेळ खपून जाईल. सल्लागार समितीच्या बाबतीत ती तपासणीचा हेतूच पोकळ करते.

पार्श्वभूमी : या समित्यांचा उगम कैद्यांच्या सुधारणेपेक्षा व्यापारातील भांडणात अधिक आहे. तुरुंगात तयार झालेला स्वस्त माल खुल्या बाजारात आला की खासगी कारखानदार आणि कामगार संघटना एकाच वेळी नाराज होत. ही नाराजी महामंदीच्या काळात शिगेला पोहोचली. १९२९ च्या हॉज-कूपर कायद्याने परराज्यातून येणाऱ्या तुरुंगी मालावर निर्बंध घालण्याची मुभा राज्यांना दिली. १९३५ च्या ॲशर्स्ट-समनर्स कायद्याने अशा मालाच्या आंतरराज्य वाहतुकीवर आणखी बंधने आणली. दरम्यान १९३४ मध्ये संघीय पातळीवर ‘फेडरल प्रिझन इंडस्ट्रीज’ हे महामंडळ स्थापन झाले. पुढे त्याने ‘युनिकॉर’ हे व्यापारी नाव घेतले. या महामंडळाच्या संचालक मंडळाची रचना बोलकी आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या ६ बिनपगारी संचालकांपैकी एकेक जण उद्योग, कामगार, शेती, किरकोळ व्यापारी व ग्राहक, संरक्षणमंत्री आणि ॲटर्नी जनरल यांचे प्रतिनिधित्व करतो. जागा कोणाची, हे कायद्यानेच ठरवून टाकले. कैद्यांसाठी मात्र तीत जागा नाही. १९७९ मध्ये संघीय कायद्याने काही अटींवर आंतरराज्य विक्रीची वाट पुन्हा मोकळी केली. त्या अटींत स्थानिक दराने वेतन देणे आणि कामगार संघटना व स्थानिक खासगी उद्योग यांच्याशी सल्लामसलत करणे यांचा समावेश होता. ‘सल्लामसलत’ ही अशा रीतीने शिष्टाचाराची बाब न राहता कायद्याची अट झाली.

वादाचा आणखी एक पदर नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकन राज्यघटनेच्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी व सक्तीची वेठ रद्द केली. पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून घेतलेले श्रम त्यातून वगळले. या अपवादाच्या समर्थनीयतेबद्दल मतभेद आहेत. काही राज्यांनी आपापल्या घटनांतून तो काढून टाकला आहे. कॅलिफोर्नियात तशी दुरुस्ती सुचवणारा सहावा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला.

हवाईतील कार्यपद्धती : राज्याच्या संहितेतील प्रकरण ३५४-डी हे कारागृह-उद्योगांविषयी आहे. या उद्योगांचा कार्यक्रम पूर्वी सार्वजनिक सुरक्षा खात्याखाली होता. १ जानेवारी २०२४ पासून त्या खात्याची विभागणी होऊन तो सुधारणा व पुनर्वसन खात्याकडे आला. समित्यांवरील नेमणुकांचा मूळ आधार राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदातील सहावे कलम असून गव्हर्नरने नाव सुचवावे आणि सिनेटने ‘सल्ला व संमती’ द्यावी, अशी त्यात व्यवस्था आहे. मुदत, पुनर्नेमणूक आणि रिक्त जागा यांचे नियम संहितेच्या २६-३४ या कलमात आहेत. सदस्याची मुदत सामान्यतः ४ वर्षांची असते. सलग दोनपेक्षा अधिक मुदती किंवा सलग ८ वर्षांहून अधिक काळ एकाच समितीवर राहता येत नाही. सिनेटचे अधिवेशन नसताना जागा रिकामी झाल्यास गव्हर्नर हंगामी नेमणूक करू शकतो. पुढच्या अधिवेशनात संमती मिळाली नाही, तर ती अधिवेशनाच्या अखेरीस आपोआप संपते आणि तीच व्यक्ती त्याच पदावर पुन्हा हंगामी नेमता येत नाही. मुदत संपलेला सदस्य उत्तराधिकारी येईपर्यंत काम चालवू शकतो, पण मुदतीनंतरच्या दुसऱ्या नियमित अधिवेशनाच्या अखेरीपलीकडे नाही. या शेवटच्या तरतुदीमुळे नावे पाठवायला होणारा उशीर कागदोपत्री दिसत नाही: समिती भरलेली असते, मात्र तीत मुदत उलटलेले सदस्य असू शकतात.

विधिमंडळाचे नियमित अधिवेशन जानेवारीच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होते आणि कामकाजाचे ६० दिवस चालते. एवढ्या अवधीत २५ सदस्यांच्या सिनेटपुढे शेकडो विधेयकांबरोबर नामनिर्देशनांचा गठ्ठाही येतो. प्रत्येक नाव ‘गव्हर्नरचा संदेश’ म्हणून क्रमांकासह दाखल होते, विषयानुसार स्थायी समितीकडे जाते, तिथे सुनावणी होते आणि लेखी निवेदने मागवली जातात. समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला जातो व अखेर मतदान होते. एकाच सल्लागार समितीसाठीची दोन-तीन नावे बहुधा एकाच अहवालात गुंफली जातात. शीर्षकात संदेश क्रमांक, नाव आणि मुदत कोणत्या वर्षीच्या ३० जूनला संपणार, एवढा तपशील असतो. मजकुरात सांगितले जाते की नामनिर्देशिताने सादर केलेला व्यक्तिगत पूर्वेतिहास, कार्यपरिचय आणि निवेदन समितीने पाहिले. पाठिंब्याची निवेदने कोणाकडून आली, हेही नोंदवले जाते. शेवटी, पार्श्वभूमी, अनुभव व पात्रता यांचा पूर्ण विचार करून व्यक्ती योग्य आढळल्याने सिनेटने संमती द्यावी, अशी शिफारस असते. मागे मतनोंदीचा तक्ता जोडलेला असतो: होकार, राखीव मतासह होकार, नकार, अनुपस्थितीची परवानगी.

अहवालाच्या साच्याचा अर्थ : या साच्यातले प्रत्येक कलम व्यक्तीभोवती फिरते. अनुभव किती, सार्वजनिक सेवेची आवड किती, शिफारस कोणाची, याला रकाने आहेत. समितीत आज कोणत्या क्षेत्राचा माणूस नाही आणि हे नाव ती पोकळी भरते का, याला रकाना नाही. लाकूडकाम करणाऱ्या लहान दुकानदाराचे फर्निचर आणि तुरुंगात बनलेले फर्निचर एकाच सरकारी कार्यालयाच्या खरेदीत समोरासमोर आले, तर समितीत त्या दुकानदाराची बाजू कोण मांडणार, हे अहवाल वाचून समजत नाही. कैद्याला मिळणारी मजुरी, शिकवले जाणारे काम सुटकेनंतर कामाला येते का, याविषयी नामनिर्देशिताचे मत काय, हेही समजत नाही. हवाईच्या कैद्यांचा मोठा हिस्सा ॲरिझोनातील ईलॉय येथे एका खासगी कंपनीच्या तुरुंगात ठेवलेला असतो. ओआहू बेटावरील हलावा कारागृहातील कार्यशाळांना सल्ला देणाऱ्या समितीने या कैद्यांचा विचार करावा की नाही, हा धोरणात्मक प्रश्न कार्यपरिचयातून उलगडणारा नाही. शिवाय पाठिंब्याचे पहिले निवेदन बहुधा ज्या खात्याला सल्ला द्यायचा, त्याच खात्याचे असते. ज्याला सल्ला घ्यायचा आहे, त्यानेच सल्लागाराची शिफारस करावी, हे बेकायदा नाही. पण संमती देणाऱ्याने त्याला पुरावा म्हणून किती वजन द्यावे, याचा विचार व्हायला हवा.

विरोधी निवेदन आले नाही म्हणजे कोणाची हरकत नाही, असा निष्कर्ष काढण्याची सवयही अशा तपासणीत दिसते. मुद्रण, शिवणकाम किंवा फर्निचर या धंद्यांतील लहान व्यावसायिकाला सिनेट समितीच्या सुनावणीची वार्ता वेळेत लागेलच असे नाही. कैद्याला तर सुनावणीत हजर राहणे अशक्यच. ज्यांच्यावर समितीच्या सल्ल्याचा परिणाम सर्वांत थेट होतो, ते दोन्ही घटक गप्प राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यांच्या मौनातून संमती वाचणे हा पुराव्याचा उलटा वापर ठरतो.

इतरत्र : संघीय मंडळाच्या संचालकांना सिनेटची संमती लागत नाही. पण १९८८ च्या दुरुस्तीनंतर नवे उत्पादन सुरू करण्यापूर्वी किंवा चालू उत्पादन लक्षणीय वाढवण्यापूर्वी खासगी उद्योग व मुक्त कामगार यांच्यावरील संभाव्य परिणामांचे लेखी विश्लेषण करणे, ते जाहीर करून अभिप्राय मागवणे आणि संचालकांनी त्यांचा विचार करणे आवश्यक झाले. म्हणजे नेमणुकीच्या वेळी जी चौकशी होत नाही, ती निर्णयाच्या वेळी होते. कॅलिफोर्नियाचे कारागृह उद्योग मंडळ ११ सदस्यांचे असून त्यातील २ जणांना विधानसभेचा सभापती आणि २ जणांना सिनेटची नियम समिती स्वतः नेमते. गव्हर्नरच्या ४ जागांपैकी २ कामगार संघटनांच्या व २ उद्योगांच्या. विधिमंडळ इथे तपासणारे न राहता भागीदार होते. वॉशिंग्टन राज्यात ९ मतदार सदस्य कामगार, व्यवसाय आणि सर्वसाधारण जनता यांत समसमान वाटलेले असून विधिमंडळाचे ४ सदस्य मताधिकाराविना बसतात. फ्लोरिडातील ‘प्राइड’ या ना-नफा महामंडळाच्या कायद्यात गव्हर्नरची नेमणूक व सिनेटची पुष्टी यांचा उल्लेख आहे.

आक्षेप : समिती केवळ सल्ला देते, ती ना पैसा खर्च करते ना कंत्राट देते, मग एवढी कसून तपासणी कशाला, असा पहिला आक्षेप घेतला जातो. वास्तविक उलट तर्क अधिक सयुक्तिक आहे. अधिकार असलेल्या मंडळाचा चुकीचा निर्णय लेखापरीक्षणात सापडतो, न्यायालयात आव्हानित होतो, पुढच्या अर्थसंकल्पात दुरुस्त होतो. सल्ल्याला अशी कोणतीच पुढची चाळणी नसते. तो मानला गेला तर निर्णय खात्याच्या नावावर जातो, न मानला तर फायलीत पडून राहतो. सल्लागार समितीची सारी पुंजी म्हणजे तीत बसलेल्यांचे वैविध्य. ते तपासण्याची औपचारिक संधी नेमणुकीच्या टप्प्यावरच मिळते. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: अशा मानद पदासाठी आधीच माणसे मिळत नाहीत, त्यात उलटतपासणी सुरू झाली तर कोणी पुढे येणार नाही. हा आक्षेप व्यक्तीच्या चौकशीला लागू पडतो, जागेच्या चौकशीला नाही. कोणते क्षेत्र रिकामे आहे आणि हे नाव ते कसे भरते, याचे उत्तर गव्हर्नरच्या कार्यालयाने द्यायचे आहे. नामनिर्देशिताला त्यासाठी एकही जास्तीचा व्यक्तिगत कागद द्यावा लागत नाही. गव्हर्नरचा निवडीचा अधिकार अबाधित राहावा, हा तिसरा आक्षेप. पण घटनेनेच त्या अधिकाराला सल्ल्याची आणि संमतीची जोड दिली आहे, आणि निव्वळ चारित्र्याच्या दाखल्यावर दिलेली संमती सल्ल्याच्या अर्ध्या भागाला रजा देते. चौथा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागा कायद्यातच नीट आखल्या तर सिनेटला वेगळे पाहण्याची गरज उरत नाही. हे अंशतः खरे आहे. तथापि कायदा ‘व्यवसाय’ म्हणू शकतो. त्या जागेवर तुरुंगाला कच्चा माल पुरवणारा व्यापारी बसतो की तुरुंगाशी स्पर्धा करणारा, हे एकेका नावापाशीच कळते. दोघेही व्यवसायाचेच प्रतिनिधी, पण त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी.

भारत : कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे; मात्र अशा नेमणुकांना विधिमंडळाने संमती देण्याची पद्धत येथे नाही. कैद्यांच्या मजुरीविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा गुजरात प्रकरणातील निकाल महत्त्वाचा मानला जातो.

मूल्यमापन : हवाईची पद्धत पारदर्शक आहे, यात शंका नाही. नाव, मुदत, पाठिंबा देणारे आणि प्रत्येक सदस्याचे मत कायमचे नोंदले जाते. बंद दाराआडच्या नेमणुकीपेक्षा ही मोठी मजल आहे. उणीव नोंदीच्या प्रमाणात नसून तिच्या विषयात आहे, आणि ती भरून काढायला घटनादुरुस्तीची गरज नाही. समितीची सध्याची रचना, मुदत उलटूनही बसलेले सदस्य आणि नव्या नावाचा तुरुंग-उद्योगाशी असलेला व्यवहार, ही तीन वाक्ये अहवालाच्या साच्यात आली, तर संमती कशाला दिली, हे सांगण्याइतका पुरावा सिनेटपाशी जमा होईल.