अप्रतिसाद (सर्वेक्षण)

अप्रतिसाद म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेल्या कुटुंबाकडून वा व्यक्तीकडून माहिती न मिळणे. घर बंद असणे, व्यक्ती परगावी असणे किंवा तिने नकार देणे ही त्याची प्रमुख कारणे होत. उत्तर न देणारे लोक उत्तर देणाऱ्यांहून वेगळे असतील, तर नमुना प्रातिनिधिक राहत नाही. केवळ नमुन्याचा आकार वाढवून हा दोष दूर होत नाही.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक चाकरमानी मुंबईस राहतात आणि गणेशोत्सव, शिमगा अशा सणांना गावी येतात. अशा गावात बंद घराऐवजी शेजारचे उघडे घर निवडल्यास नमुन्यात वृद्धांचे प्रमाण वाढते.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी सर्वेक्षणांतील प्रतिसाद १९९७ मधील ३६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. भारतातील घरोघरच्या पाहण्यांत तो बराच अधिक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये (२०१९–२१) मुलाखतीस पात्र स्त्रियांपैकी ९७, तर पुरुषांपैकी ९२ टक्के व्यक्तींनी माहिती दिली.

पुन्हा भेटी देणे आणि कमी प्रतिसादाच्या गटातील उत्तरांना अधिक भार देणे (भारांकन) हे प्रमुख उपाय आहेत. मात्र न भेटलेले लोक भेटलेल्यांसारखेच आहेत, असे भारांकनात गृहीत धरलेले असते. मुंबईस गेलेल्या तरुणाची उणीव गावी राहिलेल्या तरुणाच्या उत्तराने पूर्णतः भरून निघत नाही.